मधला मजला

अमेरिकेत मजले मोजायची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी. आपला तळमजला तो त्यांचा पहिला, आपला पहिला तो त्यांचा दुसरा. अ‍ॅरे शून्यापासून मोजायचा की एकापासून यावर तासन्‌तास भांडणारी आमची जमात, त्यामुळे यात खरं तर मजा वाटायला हवी. पण डिलिव्हरीवाला तिसऱ्यांदा चुकीच्या दारात पिशवी ठेवून गेला की मजा संपते. असो. तर आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, ह्यूस्टनच्या नैऋत्य भागात, ब्रेज बायूपासून चालत दहा मिनिटांवर. बायू म्हणजे आपल्याकडच्या ओढ्याचा आळशी भाऊ. एरवी वाहतो की नाही तेही कळत नाही, आणि वर्षातून दोन-तीनदा सगळ्या शहराचं पाणी पोटात घेऊन काठावर येतो. मी आणि माझा नागपूरकर रूममेट मधल्या मजल्यावर राहतो.

मधला मजला एरवी सगळ्यात टाकाऊ. वरच्यांची पोरं डोक्यावर नाचतात, खालच्यांच्या तळणाचा वास खिडकीतून येतो, आणि भाडं मात्र कुणापेक्षाच कमी नाही. पण चक्रीवादळ आलं की याच मजल्याचा भाव एकदम वधारतो. इथे सरकारी सल्ला असतो: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. तळमजल्यावर पाण्याची भीती (२०१७ च्या हार्वेत आमचा अख्खा तळमजला बुडाला होता, भिंतीवरची ती रेघ रंगाखालून अजून दिसते), सगळ्यात वरती छप्पर उडायची भीती. राहिला कोण? आम्ही.

८ जुलै २०२४ च्या पहाटे बेरिल नावाचं चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर, मॅटागोर्डाजवळ, जमिनीवर आलं. हरिकेन म्हणजे काही निराळं प्रकरण नव्हे बरं का. बंगालच्या उपसागरात नि अरबी समुद्रात जे चक्रीवादळ, तेच अटलांटिकमध्ये हरिकेन. बेरिलची जन्मपत्रिका मात्र विचित्र. जूनअखेर ते तयार झालं, १ जुलैला ग्रेनाडाच्या कॅरिअकू बेटाला धुऊन काढलं, आणि दुसऱ्या दिवशी पाचव्या श्रेणीत पोचलं. अटलांटिकमध्ये इतक्या लवकर पाचव्या श्रेणीचं वादळ नोंदींमध्ये आधी कधीच नव्हतं. नंतर जमैकाला घासून, युकातानवरून जाता जाता त्याचा जीव निघाला. सुरुवातीचे अंदाज ते टेक्सास आणि मेक्सिकोच्या सीमेकडे जाईल असे होते. ४ जुलैची सुट्टी, जोडून वीकएंड, निम्मं शहर बार्बेक्यू करत होतं. मग नकाशावरची ती रेघ रोज थोडी थोडी वर सरकायला लागली. शनिवारी-रविवारी ती आमच्या दिशेने वळली तेव्हा श्रेणी फक्त पहिली होती, म्हणून लोकांनी पाण्याचे दोन क्रेट आणि ब्रेड आणला आणि झोपायला गेले. श्रेणी हा आकडा नुसता वाऱ्याच्या वेगावरून ठरतो. पाऊस किती, शहरातली झाडं किती जुनी, विजेचे खांब किती वाकलेले, यातलं काहीही त्यात मोजत नाहीत.

रविवारी रात्री नऊच्या सुमारास पहिली टकटक झाली. दारात तळमजल्यावरच्या आजी. म्हणजे आजी हे आम्ही आपापसात ठेवलेलं नाव, तोंडावर 'मॅम'. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या न्यू ऑर्लिन्सच्या. २००५ साली कतरिनात तिथले बांध फुटले तेव्हा बसमधून ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये आणून सोडलेल्या हजारो लोकांपैकी एक. परत गेल्याच नाहीत. जगातल्या प्रत्येकाला 'बेबी' म्हणतात, मेंटेनन्सच्या माणसालाही.

"बेबी, मी आज तुमच्याकडे झोपणार आहे," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, कळवलं. मागे वरच्या मजल्यावरचा होंडुरासचा छपरं बसवणारा माणूस त्यांचं मशीन उचलून उभा होता. चाकं असलेल्या छोट्या पेटीएवढं, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. हवेतला नायट्रोजन शोषून ऑक्सिजन पुढे पाठवतं. आजींची फुप्फुसं बरीच वर्षं कामातून गेली आहेत, त्यांच्या नाकाशी ती नळी दिवसरात्र असते. त्याची बायको दोन पोरांना आणि बीन्सचं पातेलं घेऊन आली. दहा मिनिटांनी समोरचा तेलुगू अण्णा, त्याची बायको आणि हैदराबादहून सहा महिन्यांसाठी आलेले तिचे वडील. त्यांच्या हॉलला पूर्वेकडे भिंतभर काच आहे, म्हणून तेही आमच्याकडे. दोन बेडरूमच्या घरात दहा माणसं. नागपूरकर म्हणाला, "लग्नघर होऊन राहिलं बे आपलं."

रात्रभर काय केलं? खरं सांगायचं तर वाट बघितली. वादळात थरार वगैरे असतो तो टीव्हीवर. प्रत्यक्षात तुम्ही मधल्या बोळात, बेडरूमच्या आणि बाथरूमच्या दारांमध्ये, गाद्या टाकून बसलेले असता आणि कुणालाही झोप येत नसते. पोरांना नागपूरकराने मेंढीकोट शिकवला. त्यांना मराठी येत नाही, त्याला स्पॅनिश येत नाही, तरी मेंढी झाली की दोन्हीकडून एकच आरोळी. तेलुगू काका (अण्णा त्यांना मामय्या गारू म्हणतो, म्हणून आम्हीही गारूच म्हणायला लागलो) भिंतीला टेकून विष्णुसहस्रनाम पुटपुटत होते. होंडुरासवाला दर तासाला उठून वर जाऊन आपलं छप्पर बघून यायचा. १९९८ च्या मिच वादळात तो नऊ वर्षांचा होता. होंडुरासमध्ये त्या एका वादळाने सुमारे सात हजार माणसं नेली. तो एवढंच म्हणाला, की त्यात वारा नव्हता फारसा, पाऊसच होता, थांबलाच नाही. मग पुन्हा वर गेला.

मला अर्थातच आमचं घर आठवत होतं. आम्ही श्रीवर्धनचे. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा लॉकडाऊनमुळे मी घरीच, लॅपटॉप घेऊन पडवीत ऑफिस थाटलेलं. (निसर्ग हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं. वादळाला निसर्ग म्हणायचं हे बाकी अजब होतं.) आमच्या आळीत स्लॅबचं घर एकच, बाकी सगळी कौलारू. सकाळी दहापासून आळी त्या एका घरात जमायला लागली. माणसं, दोन वासरं, एक शिलाई मशीन, कुणाचा तरी टीव्ही. दुपारी कौलं पत्त्यांसारखी उडाली आणि संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा वाडीच नव्हती. पोफळी मधोमध मोडलेल्या, नारळ मुळासकट. श्रीवर्धनी रोठा सुपारी म्हणून जिचं नाव आहे ती. बाबा काही बोलले नाहीत, कोयता घेऊन वाट मोकळी करायला लागले. पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. बाबा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. गणित त्यांनीही केलं असणारच.

तर पहाटे पाचच्या पुढे वाऱ्याचा आवाज बदलला. आधी शिट्टी होती, मग मालगाडी. वादळाचं केंद्र आमच्या पश्चिमेकडून चाललं होतं, म्हणजे आम्ही त्याच्या उजव्या अंगाला. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, त्यामुळे उजवीकडे वाऱ्याच्या वेगात वादळाचा स्वतःचा वेगही मिळवला जातो. हॉबी विमानतळावर ताशी ८० मैलांवर झोत नोंदले गेले. बाहेर ओक पडायचा आवाज आधी करकर, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग धप्प. पाच चाळीसला दिवे गेले आणि अंधारात एकच आवाज राहिला. आजींच्या मशीनचा अलार्म. टीं टीं टीं टीं.

त्यांच्याजवळ दोन सिलिंडर होते, हातात धरता येतील असे, ई साइझचे. अण्णा हार्डवेअरचा इंजिनिअर. त्याने टॉर्चच्या उजेडात नळी बदलून दिली आणि आम्ही दोघांनी हिशोब मांडला. एका सिलिंडरमध्ये साधारण ६८० लिटर. आजींना मिनिटाला दोन लिटर लागतात. ३४० मिनिटं, म्हणजे पावणेसहा तासांच्या जरा आत. दोन मिळून सव्वाअकरा. पाच चाळीसपासून मोजलं तर संध्याकाळचे पाच. आम्ही हे हळू आवाजात बोलत होतो. आजींनी डोळे मिटूनच सांगितलं, "पाच वाजता ना? मलाही गणित येतं, बेबी."

आईचा फोन आला तो नेमका तेव्हा. तिथे दुपारचे साडेचार. "अरे, छप्पर आहे ना जागेवर?" हा पहिला प्रश्न. जेवलास का हा दुसरा. निसर्गनंतर आमच्या घरी प्रश्नांचा क्रम बदलला आहे.

दहा-साडेदहाला वारा उतरला. बायू काठावर येऊन थांबला, पार्किंगमध्ये घोटाभर पाणी आलं, पायरीला लागलं आणि माघारी फिरलं. तीन गाड्यांवर झाडं. सगळे बाहेर येऊन एकमेकांना फोटो दाखवायला लागले. आणि मग ऊन पडलं. हे ऊन म्हणजेच बेरिल, असं मी आता मानतो. वादळ चार-पाच तासांचं होतं. त्याच्यामागून जुलैचा ह्यूस्टन आला, एसीशिवाय. शहर आणि आसपासच्या साडेबावीस लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेलेली. दमटपणा धरला तर मंगळवारी अंगाला जाणवणारं तापमान चाळीस अंशांच्या वर. त्या आठवड्यात इथे माणसं उष्म्याने गेली, बंद जागेत जनरेटर लावून त्या धुराने गेली. मुंबईकर म्हणेल, चाळीस अंश म्हणजे काय मोठंसं? पण आपली घरं हवा खेळेल अशी बांधलेली असतात. इथली घरं एसीचा डबा म्हणून बांधतात. निम्म्या खिडक्या उघडतच नाहीत.

सिलिंडर पुरवणाऱ्या कंपनीचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा मशीनने सांगितलं, तुमच्या आधी रांगेत बरेच लोक आहेत. अण्णाने एक इन्व्हर्टर आणला, गाडीच्या लायटरच्या भोकात घालायचा. पण तिथला फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचा, गुणिले बारा व्होल्ट, म्हणजे फार तर दीडशे-पावणेदोनशे वॅट. आजींच्या मशीनमागे चिकटवलेल्या कागदावर ३५० लिहिलेलं. हे गणित नागपूरकरालासुद्धा तोंडी जमलं.

तेव्हा होंडुरासवाला शांतपणे म्हणाला, माझा ट्रक आहे की.

हा ट्रक म्हणजे आमच्या पार्किंगमधलं जुनं दुखणं. फोर्ड एफ-१५०, दीड गाडीची जागा खाणारा. पण तो हायब्रिड होता. त्याच्या मागच्या हौद्यात चक्क भिंतीवर असतात तसे प्लगचे सॉकेट, २४०० वॅटचे. छपरावर काम करताना करवत नि कॉम्प्रेसर चालवायला त्याने मुद्दाम तो घेतलेला. इंजिन सतत चालू ठेवावं लागत नाही, बॅटरी उतरली की आपोआप सुरू होतं, भरली की बंद. त्याने ट्रक उघड्यावर, खिडक्यांपासून चांगला लांब नेऊन लावला. धुराचं आजींनीच बजावलं होतं. कतरिनानंतर त्यांच्या ओळखीतलं एक कुटुंब जनरेटरच्या धुराने झोपेतच गेलं होतं. दोन जाड एक्स्टेन्शन वायरी जोडून जिन्यावरून आमच्या दारापर्यंत आणल्या. दुपारी अडीचला मशीन घुरघुरलं. दुसरा सिलिंडर निम्मा शिल्लक होता. तो तसाच ठेवून दिला.

आता २४०० वॅट म्हटल्यावर मला राहवेना, एक्सेल शीट केलीच. मशीन ३५०. गारूंचं इन्सुलिन ठेवायला एक सार्वजनिक फ्रिज. दोन पंखे. फोन. बिल्डिंगभर बातमी पसरली आणि लोक चार्जर घेऊन यायला लागले, ते ठीक. एकाने मात्र पोर्टेबल एसी आणला आणि माझ्या बेडरूमपर्यंत वायर पोचेल का म्हणाला. वॅटमध्ये बसत होता, पण मग इंजिन अखंड चालणार आणि पेट्रोल पंप सगळे बंद, पंपालाही वीज लागतेच. बरीच बाचाबाची झाली. शेवटी होंडुरासवाल्याच्या बायकोने निकाल दिला. एसी लागेल, पण आमच्या आतल्या खोलीत, दुपारी दोन ते चार, आणि त्या वेळी बिल्डिंगमधले म्हातारे आणि लहान मुलं सगळी तिथेच बसतील. एसीवाला स्वतः पस्तीस वर्षांचा होता, त्यामुळे बाहेर बसला. मला हा निकाल फार आवडला. आमच्या ऑफिसात यावर तीन मीटिंगा झाल्या असत्या.

वीज कधी येणार हे कळायचा मार्गच नव्हता. वीज कंपनीचा नकाशा मे महिन्यातल्या वादळी वाऱ्यांनंतरच बंद पडलेला, लोकांच्या गर्दीने झोपला होता. मग कुणीतरी शक्कल काढली. व्हॉटाबर्गर ही इथली बर्गरची लाडकी साखळी, शहरभर दुकानं. त्यांच्या अ‍ॅपवर उघडं दुकान नारिंगी दिसतं, बंद असलेलं राखाडी. दुकान उघडं म्हणजे त्या भागात वीज आहे. दोन दिवसांत अख्खं ह्यूस्टन बर्गरच्या अ‍ॅपवरून विजेचा नकाशा वाचत होतं. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतलं टेक्सासमधलं सगळ्यात उपयोगी सॉफ्टवेअर हेच, आणि ते लिहिणाऱ्यांच्या हे ध्यानीमनीही नसणार. आमच्या सगळ्यात जवळचं दुकान राखाडी ते राखाडीच.

बुधवारी खरी पंचाईत झाली. शहरातली निम्मी छपरं गळत होती आणि छपरं बसवणारा आमच्या पार्किंगमध्ये ट्रक लावून बसला होता. त्याचा फोन वाजायचा थांबत नव्हता. निळ्या ताडपत्र्या टाकायची कामं, वर्षाची कमाई त्या दोन आठवड्यांत होते. त्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. पण मंगळवारी त्याने नऊ कामं नाकारली होती, ती मी बोळात बसून ऐकली होती. पोरांच्या शाळेचे कपडे, घराचं भाडं, तेगुसिगाल्पाला आईला पाठवायचे पैसे, सगळं त्यावर.

दुसरा उपाय होता. वीज नाही म्हणून घरी जाऊ न शकणाऱ्या रुग्णांसाठी एनआरजी अरीनामध्ये खाटा टाकत होते. तिथे जनरेटर, नर्स, एसी, सगळं. मी आजींना हे सांगितलं. त्यांनी नाव ऐकून मान हलवली. एनआरजी अरीना अ‍ॅस्ट्रोडोमच्या शेजारी आहे, एकाच आवारात. २००५ मध्ये त्याच आवारात, हजारो खाटांमध्ये त्यांनी दिवस काढले होते, आणि त्या दिवसांत धाकटी बहीण कुठल्या बसमध्ये चढली हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती सापडली, पण अकरा दिवसांनी. "तिथले लोक चांगले होते," आजी म्हणाल्या. "फार चांगले होते, बेबी. मी तिथे जाणार नाही."

यावर काय बोलणार? डॉक्टर असता तर कदाचित बोलला असता. अण्णाचं म्हणणं पडलं की तरी त्यांना न्यायला हवं, ट्रक बंद पडला तर जबाबदार कोण? तो चूक नव्हता. गारूंनी त्याला तेलुगूत काहीतरी सांगितलं, तो गप्प झाला. काय सांगितलं ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.

मग नागपूरकराने आपल्या करोलाची किल्ली काढली आणि होंडुरासवाल्याच्या हातात दिली. "घेऊन जा. ट्रक इथे राहू दे." ती करोला म्हणजे त्याचा जीव. रविवारी टूथब्रशने तिची चाकं घासतो. गुरुवारी सकाळी सहाला तिच्या टपावर अठरा फुटी शिडी दोरीने बांधलेली, मागच्या सीटवर ताडपत्र्यांचे गठ्ठे, डिकी उघडीच, असा तो माणूस कामाला निघाला. नागपूरकर बाल्कनीतून बघत होता. "टपाले पोचे पडन बे," एवढंच म्हणाला. संध्याकाळी तो परत आला ते पंचवीस मैलांवरच्या पंपावर रांग लावून दोन डबे पेट्रोल घेऊन. पोचे पडले होते, तीन.

जेवणाची मात्र चैन झाली. सगळ्यांचे फ्रीझर वितळत होते, त्यामुळे जे होतं ते संपवायचं. अंगणात कोळशाची शेगडी पेटायची आणि एका ताटात फ्रोझन पराठा, होंडुरासची बालेआदा, आजींच्या फ्रीझरमधलं सॉसेज आणि अण्णाच्या सासूने पाठवलेलं गोंगुरा लोणचं. आजींनी गोंगुरा चाखून डोळे पुसले आणि आणखी मागितलं.

शुक्रवारी रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी वीज आली. नागपूरकर अंगणातून ओरडला, "आली रे आली!" आणि तिन्ही मजल्यांवरून तीन भाषांत टाळ्या. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाच्या घशातून ही आरोळी आपोआप निघते. आजींनी मशीन भिंतीला लावलं, ट्रकची वायर स्वतः गुंडाळली, हात आणि कोपर यांच्यामध्ये, व्यवस्थित, आपली आजी लोकरीची लड करते तशी. आम्ही तरी नशीबवान, आठवडा उलटला तरी लाखाहून जास्त घरं अंधारात होती.

बेरिल हे नाव आता वादळांच्या यादीतून काढून टाकलं आहे. जास्त नुकसान करणाऱ्या वादळांची नावं पुन्हा वापरत नाहीत. २०३० मध्ये त्या जागी ब्रियाना येईल. आमच्या मजल्यावर पाच घरांनी वर्गणी काढून एक मोठी बॅटरी घेतली, किलोवॅटतासाची. आजींचं मशीन त्यावर तीन तासही चालत नाही, हे मी घ्यायच्या आधीच सांगितलं होतं, म्हणून कंपनीकडून आणखी तीन सिलिंडर मागवून ठेवले. ते माझ्या कपड्यांच्या कपाटात उभे असतात. १ जूनला हरिकेनचा मोसम सुरू होतो. त्या दिवशी सकाळी आजी जिना चढून येतात, मध्ये दोनदा थांबून, आणि सिलिंडरवरचे काटे स्वतः बघून जातात.